घाट चढणं अवघड की उतरणं? सिंहगडापासून स्टेल्व्हियोपर्यंत सायकलच्या चढाचं गणित समजून घ्या

रविवारी पहाटे पाच-साडेपाचला पुण्याहून खडकवासल्याच्या रस्त्याला लागलं, की अंधारात लाल दिवे लुकलुकताना दिसतात. एकामागोमाग एक सायकली. कुणी आयटीवाला, कुणी बँकेत नोकरीला, कुणी निवृत्त होऊन चार वर्षं झालेले काका. धरण मागे पडतं, सिंहगडाचा पायथा येतो आणि गप्पा बंद होतात. पुढचा पाऊण ते सव्वा तास फक्त श्वासाचा आवाज. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि मोबाईलवर एकच चर्चा: आज किती मिनिटं लागली?

हेच चित्र नाशिककडून कसाऱ्याला, वाईहून पसरणी घाटात आणि मुंबईकडून बोरघाटाच्या वाटेवर दिसतं. शाळेत जायला किंवा दूध घालायला वापरायचं वाहन म्हणून ओळखली जाणारी सायकल आता लाखभर रुपये मोजून घेतली जाते आणि ती घेणारा पहिला प्रश्न विचारतो, 'घाट चढेल ना?'

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाल्यापासून ही चर्चा आणखी वाढली आहे. आपले घाट जगातल्या नावाजलेल्या चढांपुढे कुठे बसतात? लडाखमधले रस्ते इतके कठीण का मानतात? आणि या सगळ्या हौसेत जीव जातो तो नेमका कुठे?

पुण्यात काय झालं?

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात 'पुणे ग्रँड टूर' ही शर्यत झाली. यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, शर्यतींना श्रेणी देते. पुण्याची शर्यत २.२ श्रेणीची होती. यातला पहिला २ म्हणजे अनेक दिवस चालणारी शर्यत आणि दुसरा २ म्हणजे तिचा दर्जा. टूर द फ्रान्सपेक्षा हा दर्जा बराच खालचा आहे, पण इथे मिळणारे गुण जागतिक क्रमवारीत धरले जातात. या श्रेणीची बहुदिवसीय रस्ता शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. चार टप्पे आणि सुमारे ४३७ किलोमीटर अंतर होतं. मार्गात शहर होतं, मावळ-मुळशीचा डोंगराळ भाग होता, पुरंदर होतं आणि बारामतीकडचा सपाट पट्टाही होता.

शर्यतीसाठी मार्गावरचे रस्ते नव्याने केले गेले. गतिरोधक काढले गेले. शर्यतीच्या वेळी वाहतूक थांबवली गेली. टीव्हीवर दिसलेला तो मोकळा, गुळगुळीत रस्ता पाहून अनेक सायकलवाल्यांच्या मनात एकच विचार आला: असा रस्ता आपल्याला एखाद्या रविवारी मिळाला तर?

त्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. आधी चढाचं गणित.

चढ 'अवघड' ठरतो कशावरून?

घाटाची उंची किती, हा प्रश्न अपुरा आहे. तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: चढ किती लांब आहे, किती तीव्र आहे आणि सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत उंची किती वाढते.

तीव्रता टक्क्यांत मोजतात. रस्त्यावर शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर चढलात, तर तो आठ टक्क्यांचा चढ. गाडीत बसून आठ टक्के जाणवतही नाहीत. सायकलवर तीन टक्के म्हणजे 'वारा समोरून येतोय का?' अशी शंका, पाच-सहा टक्के म्हणजे गप्पा बंद आणि दहा टक्क्यांच्या पुढे सीटवरून उठून पायडल मारण्याची वेळ.

सरासरी मात्र फसवी असते. एखाद्या घाटाची सरासरी पाच टक्के असली, तरी मध्ये दोन किलोमीटर सपाट आणि शेवटी एक किलोमीटर बारा टक्के असू शकतं. तो शेवटचा किलोमीटरच लक्षात राहतो.

टूर द फ्रान्समध्ये चढांना चार ते एक अशी श्रेणी देतात. चौथी श्रेणी सोपी, पहिली कठीण. त्याच्याही वर 'ऑर्स कॅतेगोरी' असते, म्हणजे कुठल्याच श्रेणीत न बसणारा चढ.

आता शरीराकडे पाहू. समजा सायकलस्वाराचं वजन ७० किलो आहे आणि सायकल, पाणी, सामान मिळून आणखी १० किलो. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जायचं, तर पायांना सतत १९० वॅटच्या आसपास ताकद लावावी लागते. म्हणजे शरीराच्या दर किलोमागे साधारण पावणेतीन वॅट. नियमित सराव करणाऱ्या हौशी माणसाला तासभर एवढं जमतं. जागतिक दर्जाचे खेळाडू मोठ्या चढावर दर किलोमागे सहा वॅटच्या आसपास ताकद लावतात. म्हणून हौशी माणसाला ज्या चढाला सव्वा ते दीड तास लागतो, तो चढ ते चाळीस मिनिटांच्या आसपास संपवतात.

हिशेब 'दर किलोमागे' असल्यामुळे घाटात वजन महत्त्वाचं ठरतं. सपाट रस्त्यावर मुख्य विरोध हवेचा असतो, तिथे धिप्पाड माणूस पुढे जातो. चढावर विरोध गुरुत्वाकर्षणाचा असतो, तिथे काटक माणूस जिंकतो.

मग सह्याद्री कुठे बसतो?

सिंहगडाचा घाटरस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात उंची सुमारे सहाशे मीटर वाढते. सरासरी साडेसहा टक्क्यांच्या वर जाते. एवढा लांब आणि एवढा तीव्र चढ शहराच्या इतका जवळ मिळणं दुर्मीळ आहे. पुण्याच्या सायकलवाल्यांचा सगळा सराव या एका रस्त्याभोवती का फिरतो, ते यावरून कळतं.

महाराष्ट्रातले बाकीचे मोठे घाट मात्र वेगळ्या प्रकारचे आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं, तर समुद्रसपाटीच्या जवळून निघून १,३५० मीटरच्या आसपास पोचायचं असतं. म्हणजे उंचीतली वाढ सव्वा किलोमीटरहून जास्त. फ्रान्समधला जगप्रसिद्ध आल्प द्युएझ चढतो त्यापेक्षाही जास्त! पण आल्प द्युएझ ती उंची १३.८ किलोमीटरमध्ये गाठतो, तर आंबेनळीचा चढ सुमारे चाळीस किलोमीटरवर पसरलेला आहे. म्हणून सरासरी तीव्रता तीन-साडेतीन टक्क्यांवर येते.

असं का? कारण आपले बहुतेक घाटरस्ते माल वाहून नेण्यासाठी बांधले गेले. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. देशावरचा माल मुंबई बंदरात न्यायचा, हा त्यामागचा व्यवहार होता. भरलेली बैलगाडी आठ-दहा टक्क्यांचा चढ तासभर ओढू शकत नाही. त्यामुळे डोंगराला वळसे घेत, लांबी वाढवत, चढ सौम्य ठेवत रस्ते आखले गेले. पुढे ट्रकसाठीही तेच सोयीचं ठरलं.

म्हणजे सह्याद्रीतले घाट 'कमी' नाहीत. त्यांचा स्वभाव वेगळा आहे. ते एकदम अंगावर येत नाहीत, तासन्‌तास झिजवतात. भर म्हणून कोकणाच्या बाजूने चढताना दमट हवा असते. घाम निघतो पण सुकत नाही, शरीर थंड होत नाही. मे महिन्यात पोलादपूरहून महाबळेश्वर चढलेल्या माणसाला चढाच्या टक्क्यांपेक्षा संपलेल्या पाण्याच्या बाटल्या जास्त लक्षात राहतात.

एकाच दिवसात मुद्दाम अनेक चढ जोडणारेही आहेत. 'एव्हरेस्टिंग' नावाचा एक प्रकार जगभर गाजतो. एकच चढ निवडायचा आणि एकूण उंची ८,८४८ मीटर भरेपर्यंत तोच पुन्हा पुन्हा चढायचा. सिंहगडावर हे करायचं, तर घाट साधारण पंधरा वेळा चढावा लागेल. येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि पंधरा वेळा तोच उतार.

दक्षिणेत आणखी एक नाव सायकलवाल्यांच्या तोंडी असतं ते कलहट्टी. मसिनागुडीहून उटीकडे जाणाऱ्या या घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत आणि चढाचे अनेक तुकडे दहा टक्क्यांच्या वरचे आहेत. २००८ पासून होणाऱ्या 'टूर ऑफ निलगिरीज'मुळे तो देशभर माहीत झाला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हा रस्ता उतरताना ब्रेक तापून इतके अपघात झाले, की बाहेरच्या वाहनांना तिथून खाली उतरण्यावर बंधनं आणावी लागली.

आल्प्समध्ये असं काय आहे?

इटलीतला स्टेल्व्हियो हा सायकलवाल्यांच्या स्वप्नातला घाट. प्राटो गावाकडून चढताना सुमारे २४ किलोमीटर, ४८ हेअरपिन वळणं आणि माथा २,७५७ मीटरवर. उंचीतली वाढ १,८०० मीटर, म्हणजे तीन सिंहगड एकावर एक, मध्ये विसावा नाही. १८२० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने हा रस्ता बांधला.

फ्रान्समधल्या आल्प द्युएझला २१ वळणं आहेत. प्रत्येक वळणाला क्रमांक आहे आणि पाटीवर तिथे टप्पा जिंकलेल्या खेळाडूंची नावं आहेत. क्रमांक उलटे उतरत जातात. २१ वरून सुरुवात होते आणि दमलेला माणूस मनात मोजत राहतो: अजून बारा, अजून सात.

माँ व्हाँतूची गोष्ट निराळी. बेदुआँ गावाकडून सुमारे २१ किलोमीटर, सरासरी साडेसात टक्के. आधी जंगलातून चढ आणि मग शेवटचे काही किलोमीटर उघडाबोडका पांढरा दगड. ना सावली, ना वाऱ्याला आडोसा. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये ब्रिटनचा टॉम सिम्प्सन याच चढावर माथ्याच्या अगदी जवळ कोसळला आणि गेला. कडक ऊन, पाण्याची कमतरता आणि त्यावर उत्तेजक औषधं. शरीर थांबायला सांगत होतं, औषध ते ऐकू देत नव्हतं. आज तिथे त्याचं स्मारक आहे आणि वर जाणारे सायकलस्वार तिथे क्षणभर थांबतात.

या चढांची कीर्ती फक्त टक्क्यांमुळे झालेली नाही. अनेक दशकं तिथे शर्यती होत आहेत. व्यावसायिक खेळाडू ज्या रस्त्यावर झुंजतो, त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी एखादी शिक्षिका किंवा दुकानदार सायकल घेऊन जाऊ शकतो. क्रिकेटप्रेमीला लॉर्ड्सच्या मैदानात फलंदाजी करता येत नाही. सायकलमध्ये ते शक्य आहे.

लडाख: चढ तोच, हवा अर्धी

युरोपातला सगळ्यात उंच डांबरी घाट २,७६४ मीटरवर आहे, फ्रान्समधला इझेराँ. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे लेहच्या बाजारात चहा पिणारा माणूस युरोपातल्या कुठल्याही घाटापेक्षा वर असतो.

लेहहून खारदुंग ला सुमारे ४० किलोमीटर. उंचीतली वाढ साडेअठराशे मीटर. सरासरी पाच टक्क्यांच्याही आत. कागदावर हा चढ सिंहगडापेक्षा सौम्य आहे. पण माथा सुमारे ५,३५९ मीटरवर आहे, जवळपास एव्हरेस्टच्या दक्षिणेकडच्या बेस कॅम्पएवढा. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असा आकडा होता. तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आहे. पण खरी उंचीही पुरेशी भारी आहे.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण हवाच विरळ असल्याने एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन निम्मा. शरीराची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. पुण्यात १९० वॅट लावणारा माणूस इथे १२० वॅटवरच धापा टाकतो. पाच टक्के दहा टक्क्यांसारखे वाटतात.

मनाली ते लेह हा रस्ता म्हणूनच देशातला सगळ्यात मोठा सायकल प्रवास मानला जातो. बारालाचा ला, मग गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, लाचुलुंग ला आणि शेवटी ५,३०० मीटरच्या वरचा तंगलंग ला. मध्ये मुक्कामही उंचावरच करावे लागतात. उमलिंग ला तर ५,७९८ मीटरवर आहे, आणि २०२५ मध्ये सीमा रस्ते संघटनेने मिग ला इथे त्याहूनही उंच रस्ता नेला.

इथला धोका दमण्याचा नाही. धोका आहे विरळ हवेच्या आजाराचा. सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागण्याने होते. दुर्लक्ष केलं तर फुफ्फुसात पाणी साठू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते, आणि हे दोन्ही जीवघेणं आहे. तब्येत चांगली असणं हा यावर उपाय नाही. उलट तगडा माणूस जास्त वेगाने वर जातो आणि जास्त लवकर अडकतो.

म्हणून डॉक्टर सांगतात तो नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याने निदान दोन दिवस सायकलला हात लावू नये. लक्षणं वाढली तर 'सवय होईल' म्हणत वर जाऊ नये, खाली उतरावं. आठवडाभराची सुट्टी घेऊन आलेल्या माणसाला हेच सगळ्यात अवघड जातं.

डोंगर दिसत नाही, पण चढ संपत नाही

आव्हान म्हणजे फक्त मोठा घाट नव्हे. ब्रेव्हे नावाचा प्रकार महाराष्ट्रात चांगला रुजला आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की 'सुपर रॅनडोनर' हा किताब मिळतो. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. वेळेत पोचायचं, पंक्चर स्वतः काढायचं आणि रात्री परावर्तक जाकीट व दिवे लावायचे.

या सगळ्याचं शिखर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १,२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. १८९१ मध्ये सुरू झालेला हा प्रवास टूर द फ्रान्सपेक्षाही जुना आहे. तो चार वर्षांतून एकदा होतो, पुढचा २०२७ मध्ये. जाण्यासाठी त्याच वर्षी सुपर रॅनडोनर व्हावं लागतं आणि आदल्या वर्षी मोठं अंतर केलेल्यांना नावनोंदणीत आधी संधी मिळते. २०२६ मध्ये ब्रेव्हेंना गर्दी दिसतेय ती यामुळेच.

२०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून शेकडो जण गेले. त्यातल्या मोठ्या संख्येला वेळेत पूर्ण करता आलं नाही. गंमत म्हणजे या मार्गावर एकही नाव घेण्यासारखा घाट नाही. फक्त छोट्या छोट्या टेकड्या आहेत, पण त्या संपतच नाहीत. बेरीज केली तर चढ अकरा-बारा हजार मीटरच्या घरात जातो. त्यात ऑगस्टमध्येही गारठवणाऱ्या रात्री आणि अपुरी झोप. कोकण किंवा विदर्भाच्या उष्ण हवेत सराव केलेल्या शरीराला पहाटेची ती थंडी चढापेक्षा जास्त छळते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, सायकलवाल्यांच्या भाषेत 'रॅम'. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर आणि एकूण चढ पन्नास हजार मीटरच्या वर. एकट्याने करणाऱ्यांना साधारण बारा दिवस मिळतात. टूर द फ्रान्समध्ये रोज रात्री झोप मिळते. इथे घड्याळ थांबतच नाही. ऑस्ट्रियाच्या क्रिस्तॉफ श्ट्रासरने २०१४ मध्ये हे अंतर ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत कापलं.

या शर्यतीचा आणि महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ. दोघंही डॉक्टर, व्यवसाय सांभाळून सराव करणारे. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने ती पूर्ण केली. समर्थ यांनी पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरची शर्यतही संपवली. २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी रॅम पूर्ण केली. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यत रॅमची पात्रता फेरी आहे. म्हणजे अमेरिकेचा रस्ता सह्याद्रीतून जातो, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

मग जीव जातो कुठे?

चढावर वेग ताशी दहा किलोमीटर असतो. तिथे पडलं तर गुडघा फुटतो. खरा धोका त्याच रस्त्याने खाली येताना असतो.

उतारावर ताशी साठचा वेग सहज येतो. या वेगात एका सेकंदात सायकल जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर खड्डा, खडी किंवा आडवी आलेली म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. टायर अंगठ्याएवढे रुंद. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक उशिरा लागतात. सतत दाबून ठेवले तर तापतात. त्यात तासभर चढून आल्याने लक्ष ढिलं झालेलं असतं. घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागून बोटं गारठतात, ब्रेक नीट दाबले जात नाहीत.

जून २०२३ मध्ये टूर द स्वीस शर्यतीत अल्बुला घाट उतरताना स्वित्झर्लंडचा गिनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. वय २६. व्यावसायिक खेळाडू, बंद रस्ता, मागे डॉक्टरांची गाडी. तरीही. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत म्युरिएल फुरर ही १८ वर्षांची खेळाडू जंगलातल्या उतारावर पडली. ती पडलीय हे बराच वेळ कुणाला कळलंच नाही. त्यानंतर खेळाडूंच्या सायकलींवर जीपीएस बसवण्याचा विषय ऐरणीवर आला.

आता हीच गोष्ट ताम्हिणी किंवा वरंधा घाटात कल्पना करून पाहा. मोबाईलला रेंज नाही, वळणावर कठडा तुटलेला, खाली झाडी. एकटा माणूस पडला तर शोधायला कोण येणार?

त्यात आपल्याकडे रस्ता मोकळा नसतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग, धुकं, शेवाळलेली कड आणि डोंगरावरून आलेले दगड. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. सायकलस्वार या रस्त्यांवरचा सगळ्यात उघडा वाहनचालक आहे. ट्रकला साइड द्यायची तर त्याला डांबराच्या कडेवरून खालच्या साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि अनेक घाटांत ती साइडपट्टी वीतभर खाली असते.

आणि हे फक्त हौशी लोकांपुरतं नाही. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून कामावर जाणारा मजूर, शाळेत जाणारी मुलगी याच रस्त्यावर असतात. त्यांच्याकडे हेल्मेट नाही, मागचा लाल दिवा नाही. हौशी सायकलस्वार एक रविवार घरी बसू शकतो, त्यांना रोज जावं लागतं.

युरोपात काय केलं, आपल्याकडे काय होऊ शकतं?

आल्प्समधल्या अनेक घाटांवर दर किलोमीटरला छोटी पाटी असते. सध्याची उंची किती, माथा किती दूर, पुढच्या किलोमीटरची सरासरी किती टक्के. सायकलस्वाराला ताकद जपून वापरता येते आणि गाडीवाल्याला कळतं की या रस्त्यावर सायकली असणारच. खर्च फक्त पाटीचा.

स्टेल्व्हियो घाट वर्षातून एक दिवस मोटारगाड्यांना बंद ठेवतात. त्या दिवशी हजारो सायकलस्वार येतात, गावातली हॉटेलं भरतात.

फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. स्पेनमध्येही दीड मीटर. आपल्याकडे हॉर्न वाजवला की जबाबदारी संपली, असा समज आहे.

यातलं काहीच आपल्याला परवडणार नाही, असं नाही. पुण्याच्या शर्यतीने दाखवून दिलं की ठरवलं तर रस्ता नीट होतो आणि वाहतूक काही तास थांबवताही येते. पण शर्यत संपल्यावर गतिरोधक परत येतात, कडेला खडी साचते, एका पावसाळ्यात डांबर उखडतं. त्यामुळे शर्यतीचं यश विजेत्याच्या नावापेक्षा दोन वर्षांनी त्या रस्त्यांची अवस्था काय आहे, यावर मोजायला हवं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सहा ते नऊ एखादा घाट मोटारींना बंद ठेवून पाहायला फार मोठी योजना लागत नाही. गडावर पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींचा धंदा बुडणार नाही याची काळजी घेतली, तर गावंही सोबत येतील. सायकलवाला चढून आला की भूक घेऊनच येतो.

पहिल्यांदा घाटात जाताय?

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर पहिला घाट शेवटचा ठरत नाही.

• मागच्या चाकाचं सगळ्यात मोठं चक्र निदान ३२ दातांचं असू द्या. जड गिअरवर जोर लावला की आधी गुडघे बोलतात.
• पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू जा. बोलता येईल इतपतच वेग ठेवा. घाट पहिल्या किलोमीटरला जिंकता येत नाही, पण हरता येतो.
• दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी घ्या, तहान लागायची वाट पाहू नका. तासाभराच्या पुढे जायचं असेल तर चिक्की, केळं, खजूर असं काहीतरी खिशात हवं.
• वर पोचल्यावर पातळ जाकीट घाला, मगच उतरा.
• वळणाच्या आधी ब्रेक लावा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक वापरा, सोडत-दाबत.
• पावसाळ्यात आणि एकट्याने अनोळखी घाट उतरू नका. घरी मार्ग सांगून निघा.
• मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

घाट चढणं हे शरीराचं गणित आहे. सराव, गिअर, पाणी आणि धीर यांनी ते सुटतं. नाशिक-नागपूरच्या डॉक्टरांनी ते अमेरिकेत जाऊन सोडवून दाखवलं आहे. उतरून सुखरूप घरी येणं मात्र निम्मंच सायकलस्वाराच्या हातात असतं. उरलेलं निम्मं रस्ता बांधणाऱ्याच्या आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात. त्यामुळे पुढच्या वेळी घाटात एखादा लाल दिवा लुकलुकताना दिसला, तर हॉर्न वाजवण्याआधी दीड मीटर जागा सोडा. वरच्या वळणावर त्याची अर्धी वाट संपलेली असते, अवघड अर्धी अजून बाकी असते.